नोराला पुन्हा विचारा

सनीव्हेल

अमेरिकेहून परत आलेल्या बाईला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात: नायगारा पाहिलात का, आणि वजन किती वाढलं. नायगारा मी पाहिला नाही. वजनाचं सांगणार नाही. यंदा, २००६ साली, जे सहा महिने मी तिकडे काढले, त्यातलं मला जे आठवतं ते बहुतेक सगळं एका लांबट खोलीत घडलं. त्या खोलीत दर बुधवारी दुपारी म्हातारी आयरिश माणसं उकडलेले बटाटे खायला जमत. हे सांगितलं की आमच्या साताऱ्यात लोक माझ्या तोंडाकडे बघतात. एवढं तिकीट काढून गेली आणि अमेरिकेत जाऊन आयरिश लोक बघून आली, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आयर्लंड म्हणजे माझ्या लेखी इंग्लंडच्या डावीकडचं बेट. नकाशा भरताना पोरं ते हटकून विसरत आणि मी अर्धा मार्क कापत असे. त्यापलीकडे त्या देशाशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

माझी लेक मृणाल सनीव्हेलला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जावई संदीप नागपूरचा. त्याचं काम दूर दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला असल्यामुळे तो सोमवारी विमानाने जायचा आणि शुक्रवारी परत यायचा, आपल्याकडे माणसं पुण्याहून येऊन-जाऊन करतात तसा. मृणाल निघाली तेव्हा म्हणाली होती, "आई, फक्त दोन वर्षं." आता सातवं चालू होतं. "परत कधी येणार?" हा प्रश्न मी साताऱ्याहून मेतकूट आणि भाजणीबरोबर बांधून नेला होता. मेतकूट पहिल्या आठवड्यात निघालं. प्रश्न मात्र बॅगेतच राहिला. कारण साधं होतं, मला उत्तराची भीती वाटत होती.

मृणाल सकाळी आठला गाडी काढायची ती संध्याकाळी सातला यायची. दिवसभर मी, टीव्ही आणि समोरच्या झाडावरची खार. त्या अपार्टमेंटमध्ये कपडे धुवायची खोली सगळ्यांना मिळून एक होती. तिसऱ्याच दिवशी मी लेकीला मदत करावी म्हणून टोपली घेऊन तिथं गेले आणि भांडी घासायचं हिरवं लिक्विड चांगलं पेलाभर मशीनमध्ये ओतलं. पाच मिनिटांत दारातून फेस बाहेर यायला लागला. माझ्या घोट्यापर्यंत आला, तरी मशीन काही थांबेना.

तेवढ्यात एक उंच, तांबूस केसांची बाई आपली टोपली घेऊन आली. तिने एक नजर फेसाकडे टाकली, एक माझ्या साडीकडे, आणि अशी हसली की मलाही हसू आलं. आम्ही दोघींनी मिळून फरशी पुसली. ही आयलीन. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि ही आठवड्यातून तीन दिवस सॅन फ्रान्सिस्कोत आयरिश लोकांच्या एका मदत केंद्रात काम करायची. स्वतः अमेरिकेत जन्मलेली, आईवडील आयर्लंडहून आलेले. मला पहिल्या दिवसापासून ती सरळ "वसुधा" म्हणे. माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकलं असतं तर त्यांना घाम फुटला असता.

"मदत म्हणजे काय करता तुम्ही?" मी विचारलं.

तिने सांगितलं. कुणी आजारी पडतं, कुणाचं काम सुटतं, त्यांना आधार द्यायचा. कुणाकडे राहायचे कागद नसतात. घरी बाप वारला तरी ते जाऊ शकत नाहीत, कारण गेले तर त्यांना परत येऊ देत नाहीत. अशांच्या शेजारी नुसतं बसायचं. म्हाताऱ्यांना आठवड्यातून एकदा गरम जेवण आणि गप्पा. आणि ज्यांना आयर्लंडला परत जायचंय, त्यांना तिकडे घर, पेन्शन, डॉक्टर हे सगळं लावून द्यायचं.

"परत जायला कशाला मदत लागते? आपलंच तर घर," मी म्हटलं.

"वसुधा, येण्यापेक्षा परत जाणं जास्त अवघड असतं," ती म्हणाली.

मी कान टवकारले. परत जाणाऱ्या माणसांना मला जवळून बघायचं होतं. काय झालं की माणूस परत जातो, हे कळलं तर मला हवंच होतं.

मृणालला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू तिकडे जाऊन काय करणार? बोअर होशील. आणि ते लोक सगळं नॉनव्हेज खातात यार."

"घरात तरी मी काय करते? खारीशी बोलते," मी म्हटलं. बुधवारी मी आयलीनच्या गाडीत बसले.

सनसेट

सॅन फ्रान्सिस्कोत सनसेट नावाची वस्ती आहे. नावावर जाऊ नका, तिथं सूर्य मावळताना मला एकदाच दिसला. सनीव्हेलला लख्ख ऊन असतं आणि तासाभराने इथं उतरलं की पावसाळ्यातल्या महाबळेश्वरासारखं धुकं. एकाला एक चिकटलेली फिक्या रंगांची घरं, आणि रस्ता सरळ खाली समुद्रापर्यंत.

केंद्राच्या खोलीत लांब टेबलं मांडलेली. म्हातारे कोट घालून आलेले, म्हाताऱ्या केस सेट करून. मला सगळ्यात आधी काय आवडलं असेल तर चहा. अमेरिकेत चहा म्हणजे गरम पाण्यात दोऱ्याला बांधलेली पुडी बुडवायची. इथं मोठ्या किटलीत काळाकुट्ट, कडक चहा आणि वर दूध. पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, काही खोटं नाही.

जेवणाचं मात्र झालं असं: मी शाकाहारी म्हटल्यावर वाढणाऱ्या माणसाने मोठ्या प्रेमाने बटाटे आणि कोबी वाढला. हा माणूस सुतारकाम करायचा. कागद नसल्यामुळे वडिलांच्या अंत्यविधीला जाता आलं नव्हतं, तेव्हापासून दर बुधवारी म्हाताऱ्यांना वाढायला येतो, असं मला नंतर कळलं. कोबी फारच चवदार होता. मी दोनदा घेतला. शेवटी आयलीनला विचारलं, यात घातलंय काय? ती म्हणाली, काहीच नाही, फक्त डुकराच्या मांसाच्या पाण्यात उकडलाय. मी पुढचे दोन दिवस दह्याभातावर होते. पण त्या सुताराला काही बोलले नाही. पुढच्या बुधवारी घरूनच मोहरी-हळद घातलेली बटाट्याची भाजी नेली, तर त्यांनी पिवळा बटाटा पाहून आधी नाकं मुरडली आणि नंतर डबा पुसून खाल्ला.

त्याच पहिल्या बुधवारी माझ्या शेजारी नोरा बसली होती. अठ्ठ्याहत्तरीची, चिमणीएवढी बाई, निळा स्वेटर, गळ्यात बारीक क्रॉस. एक अमेरिकन मुलगी किटली घेऊन आली. "आणखी चहा?"

"नको गं बाई, मी अगदी मजेत आहे," नोरा म्हणाली.

मुलगी गोड हसली आणि पुढे गेली. नोराची नजर किटलीच्या मागे मागे गेली, पार टेबलाच्या टोकापर्यंत.

ती नजर मला ओळखीची होती. मृणालच्या साहेबाच्या घरी पार्टी होती तेव्हा त्याच्या बायकोने केक पुढे केला. मी आपल्या रीतीप्रमाणे नको म्हटलं. ती दुसऱ्यांदा विचारील, मग मी जरासा म्हणेन, असा माझा हिशेब. ती "ओके" म्हणून निघून गेली आणि मी उपाशी घरी आले. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. ते नुसतं दार वाजवणं असतं. समोरच्याने आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, त्याने ताटात वाढूनच टाकायचं, आणि मग आपण "अहो कशाला" म्हणत जेवायचं.

मी उठले आणि किटली घेऊन आले. "अर्धा कप."

"नको, नको, खरंच."

"अर्धाच. थंड होऊन जाईल."

"बरं, एक थेंब घाल मग," नोरा म्हणाली, आणि दोन कप प्याली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुझं गाव कुठलं गं?" साठेक वर्षांत या देशात तिला कुणी दुसऱ्यांदा चहा विचारला नसावा, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

समुद्रापाशी

त्यानंतर माझा प्रत्येक बुधवार ठरून गेला. आयलीनच्या गाडीतून जायचं, जेवण झालं की नोराला घेऊन उतारावरून समुद्रापर्यंत चालायचं, आयलीनचं काम आटोपलं की परत. तिथला समुद्र कोकणासारखा पाय बुडवायचा नाही. बर्फासारखं पाणी आणि उडवून नेणारा वारा. आम्ही बाकावर एका शालीत बसायचो. शाल माझी.

नोराची गोष्ट मी तिथं तुकड्यातुकड्यांनी ऐकली. गाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो नावाच्या भागात. दगडांच्या बांधांची शेती, पाऊस, आणि घरात नऊ भावंडं. थोरली बहीण ब्रीडी आधी अमेरिकेला आली. तिने तिकीट पाठवलं आणि एकोणिसाव्या वर्षी नोरा निघाली. निघायच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे गाव जमायचं म्हणे. माणूस मेलं की जसे जागायला जमतात, अगदी तसेच. गाणी, नाच, चहा, आणि पहाटे रडारड. कारण अमेरिकेला गेलेलं माणूस परत दिसत नाही हे सगळ्यांना माहीत असायचं.

"जिवंतपणी माझं सुतक पाळलं त्यांनी. आईला मी पुन्हा पाहिलं नाही," ती म्हणाली.

मी मृणालला विमानतळावर सोडायला गेले होते ते आठवलं. तिच्या हातावर दही घातलं होतं आणि फोटो काढले होते. रडायचं मनातसुद्धा आलं नाही, कारण दोन वर्षांचाच प्रश्न होता. आता वाटतं, त्या मेयोच्या बायकांना जास्त कळत होतं.

बहिणींनी श्रीमंतांच्या घरी कामं केली, मग हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. ब्रीडीचं लग्न झालं नाही, नोराचंही नाही. दोघी एकत्र राहिल्या. दोन वर्षांपूर्वी ब्रीडी गेली. "घरी जायचं घरी जायचं करत गेली," नोरा म्हणाली आणि समुद्राकडे बघत राहिली. मग एकदम हसून म्हणाली, "आणि बघ, इतकी वर्षं मी घराची आठवण काढायला इथं येऊन बसते. पण हा समुद्र चुकीचा आहे. माझं घर पाठीमागे राहिलं. हा समुद्र कुठं जातो गं, मास्तरीणबाई?"

"जपान," मी म्हटलं. "तिथून खाली वळसा घातला की आमच्याकडे."

"म्हणजे हा तुझा समुद्र! मग आठवण तू काढ, मी तुला सोबत करते."

आम्ही दोघी हसलो, पण मी खरंच त्या दिवशी तिकडे बघून साताऱ्याची आठवण काढली. आमच्या घराची, हे गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या खुर्चीची.

जुलैतला एक बुधवार. जेवताना नोरा सहज, बटाट्याचं साल काढता काढता म्हणाली, "मला मेयोत घर देत होते. म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या छोट्या घरांतलं एक. माझ्या गावापासून पाच-सहा मैलांवर. मी म्हटलं, माझ्यापेक्षा कुणाला जास्त गरज असेल त्याला द्या." आणि तिने बटाट्यावर मीठ घातलं.

परतीच्या गाडीत मी आयलीनला विचारलं.

"हो," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी, ब्रीडी होती तेव्हा, तिनेच नाव दिलं होतं. आता नंबर लागला. मी विचारलं, ती नको म्हणाली. शुक्रवारपर्यंत तिकडे कळवायचं आहे, म्हणजे पुढच्या माणसाला मिळेल."

"तू कितीदा विचारलंस?"

"एकदा. तिने स्पष्ट नाही म्हटलं."

"एकदाच?"

"वसुधा, ती सज्ञान बाई आहे. तिच्या निर्णयाचा मी मान ठेवला."

माझा संताप झाला. शाळेत असते तर डस्टर आपटलं असतं. "मान कसला! तिला किटली पुढे केली तरी ती नको म्हणते, मग घर पुढे केल्यावर काय लगेच हो म्हणेल? ते पहिलं नको होतं. पहिल्या नकोला कुणी कागदावर घेतं का?"

हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. मग आयलीन हळूच म्हणाली, "माझी आई अशीच होती. तिला काही हवंय का विचारलं तर नेहमी नको म्हणायची. डॅड तिला तीन तीनदा विचारायचे. मला वाटायचं, त्यांना ऐकू कमी येतं."

"उद्या पुन्हा विचार," मी म्हटलं. "आणि परवा पुन्हा."

संध्याकाळी मी हे मृणालला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "आई, इथं असं नाही करत. लोकांना स्पेस देतात. तू कशाला मध्ये पडतेस? तिला नसेल जायचं."

"तुला कसं ठाऊक?"

"कारण सगळ्यांनाच परत जायचं नसतं, आई," मृणाल म्हणाली, आणि फ्रिज उघडून उगाच आत बघत राहिली. मला विचारायचं तर तीच वेळ होती. मी कणीक मळायला घेतली.

गुरुवारी आयलीनने विचारलं. नोरा पुन्हा नको म्हणाली. शुक्रवारी सकाळी आयलीन आमच्या दारात उभी. "तिसऱ्यांदा तू चल. मला आग्रह करता येत नाही." नेमकी मृणाल त्या दिवशी घरून काम करत होती. तिने आमच्या दोघींकडे बघितलं, लॅपटॉप मिटला आणि किल्ल्या उचलल्या. "मीच ड्राइव्ह करते. निदान तू भांडण करशील तर आवरायला कुणी असेल."

कोल्मा

नोरा एका घराच्या तळमजल्यावर, गराजच्या मागच्या खोलीत राहायची. नीटनेटकी खोली, खिडकीत जिरॅनियमच्या फुलांची कुंडी. तिने लगेच किटली चढवली. आम्ही तिघी नको म्हणालो, मग तिने आम्हाला तीनदा विचारलं आणि चहा झाला.

"नोरा, घराचं काय?" मी सरळ विचारलं.

"सांगितलं ना. दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसऱ्या कुणाचं आम्हाला काय करायचंय? तुला जायचंय का?"

तिने कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "ब्रीडीचं काय करू?"

आम्हाला कळेना. ती म्हणाली, "चला, दाखवते."

कोल्मा हे सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला लागून असलेलं गाव, आणि ते गाव म्हणजे नुसती कबरस्तानं. डोंगराच्या उतारावर मैलभर हिरवळ आणि त्यात दगड. शहरातल्या मेलेल्यांना जागा इथं देतात. निलगिरीची उंच झाडं, ओला वारा, आणि माणूस एक नाही. नोरा दर रविवारी दोन बस बदलून इथं यायची. ब्रीडीचा दगड हिरवळीत सपाट बसवलेला होता. नोरा गुडघ्यांवर बसली, रुमालाने तो पुसला आणि कडेचं गवत नखांनी खुडलं.

"आमच्याकडे उन्हाळ्यात एक रविवार ठरलेला असतो," ती म्हणाली. "सगळं गाव कबरस्तानात येतं. दगड धुतात, फुलं लावतात, पाद्रीबाबा पाणी शिंपडतात. ज्याच्या कबरीवर कुणी येत नाही त्याची फार दया येते लोकांना. ब्रीडीने मला इथं आणलं. तिला घरी जायचं होतं, तिला जाता आलं नाही. आणि मी तिला इथं एकटीला टाकून त्या घरात जाऊन राहू?"

हे नको मात्र खरं होतं. आग्रहाने हलणारं नव्हतं. मीही खाली बसून कडेचं गवत काढायला लागले.

मग तिने मला विचारलं, "तुझे मिस्टर कुठं आहेत, वसुधा?"

"आमच्याकडे पुरत नाहीत. अस्थी नदीत सोडतात. संगम माहुलीला सोडल्या, घरापासून जवळच."

"मग तू त्यांच्याशी बोलायला कुठं जातेस?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घरात एक खुर्ची आहे. पण ते सगळीकडेच असतात. मी इथं आले तरी काही सुटलं नाही." मृणाल माझ्याकडे बघत होती. वडील गेले तेव्हा तिला सुटी मिळून, विमान मिळून यायला चार दिवस लागले होते. ती आली तेव्हा अस्थी गेलेल्या होत्या. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

नोराने माझा हात धरला. "तुमचं बरं आहे. वाहून गेलेल्या माणसाला कुठंही नेता येतं."

"ब्रीडीकडे मी येईन," मी एकदम म्हणाले. "दर रविवारी." आणि म्हणाल्याबरोबर ध्यानात आलं की ऑक्टोबरमध्ये माझं परतीचं तिकीट आहे. नोरालाही ते माहीत होतं. ती हसली आणि रडलीही.

तेव्हा आयलीन पुढे आली. आतापर्यंत ती दूर उभी होती. "नोरा, माझी आई तिकडच्या उतारावर आहे," ती म्हणाली. "मी वर्षातून एकदा येते. मी दर महिन्याला येईन. तिच्याकडे जाईन आणि ब्रीडीकडेही. हे मी केंद्रातली म्हणून सांगत नाही." मग जरा अडखळत तिने विचारलं, "तर मग, घर घेशील का?"

"नको," नोरा म्हणाली.

आयलीनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"नोरा, घर घे."

"तुला त्रास कशाला."

"घर घे, नोरा."

नोराने बहिणीच्या दगडावरून एकदा हात फिरवला. "बरं," ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी आयलीनने गाडीतूनच, तिकडे रात्र झालेली असूनही, घरांचं काम बघणाऱ्या माणसाला फोन केला. घर अजून दुसऱ्या कुणाला दिलेलं नव्हतं.

निरोप

सप्टेंबरच्या शेवटी नोरा गेली. केंद्रात तिच्यासाठी दुपारी सगळे जमले. त्या सुताराने अकॉर्डियन वाजवलं. म्हाताऱ्यांनी तिच्या गालांना हात लावले आणि तिच्याबरोबर निरोप पाठवले, कुणाच्या पुतण्याला, कुणाच्या आईच्या कबरीला. कुणी मत्सर करत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एक म्हातारा सरळ म्हणाला, "तुझ्या जागी मी असायला हवा होतो," आणि तिने त्याला मिठी मारली.

मी माझी शाल तिच्या खांद्यांवर घातली. ती नको नको म्हणाली. मी तिथं विचारत बसलेच नाही.

विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने तिला आत नेलं. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. आयलीन म्हणाली, बहुतेक सगळे बघतात. आम्ही गाडीत बसल्यावर मला कळलं की मी हेवा करतेय. ती घरी निघाली होती. मीही दोन आठवड्यांनी घरी निघणार होते, पण तिला आता तिकडे जाऊन कुणाची वाट बघायची नव्हती आणि मला बघायची होती.

माझ्या निघण्याच्या दिवशी मृणालने माझ्या बॅगा चारदा उचलून वजन बघितलं. विमानतळावर ती म्हणाली, "पोचलीस की कॉल कर. आणि एकटी उपास करत बसू नको." मी "हो" म्हटलं. तिथंही मी विचारलं नाही.

सातारा

आता डिसेंबर आहे. सकाळी अजिंक्यताऱ्यावर धुकं असतं, पण ते दहापर्यंत विरतं. आयलीनकडून नोराची खुशाली कळते. घर लहान आहे, शेगडी चांगली आहे, पाऊस भरपूर आहे. दुकानात पोलंडची मुलगी आहे आणि नोराच्या लहानपणीच्या शेतात दोन मोठे बंगले उभे राहिलेत. पहिल्या आठवड्यात ती दोन दिवस रडली. आता शेजारणीबरोबर चर्चला जाते. माझी शाल तिथंही अंगावर असते, म्हणे.

मृणालचा फोन सोमवारी सकाळी येतो, म्हणजे तिच्याकडे रविवारची संध्याकाळ. गेल्या सोमवारी मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"कुठं आहेस गं?"

"कोल्माहून परत येतेय. ट्रॅफिक आहे."

"आयलीनबरोबर?"

"नाही. पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले होते. आता माझी मीच जाते, बहुतेक रविवारी. बरं वाटतं तिथं. मी बाबांशीपण बोलते तिथं. तू म्हणालीस ना, ते सगळीकडे असतात. मला साताऱ्यात कधी बोलता आलं नाही गं त्यांच्याशी. इथं येतं."

मी खुर्चीत बसले, ह्यांच्या. मला आनंद झाला, आणि इतकं वाईट वाटलं की फोन खाली ठेवावा असं झालं. माझी मुलगी परक्या देशात एका परक्या बाईच्या कबरीवरचं गवत काढते आहे आणि तिथं तिला तिचे वडील भेटतात. म्हणजे आता ती तिथलीच झाली. सात वर्षं मी जे विचारत नव्हते ते तेव्हा तोंडातून निघून गेलं.

"मृणाल, तू परत येणार आहेस का?"

गाड्यांचा आवाज येत राहिला. "नाही गं आई," ती म्हणाली. "नाही येणार."

"बरं," मी म्हटलं. मग विचारलं, फुलं कुठली नेली होतीस? ती म्हणाली, पिवळी शेवंती. मी म्हटलं, छान केलंस, आणि तिथं वारा फार असतो, पुढच्या रविवारी स्वेटर घालून जा.